पत्र्यावरचे देव

आमच्या जालन्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मोठ्या भिंतीवर इजिप्तमधल्या एका जुन्या देवळाचे तीन फोटो आहेत. कागदावरचे नाहीत, पत्र्यावर छापलेले. त्याला मेटल प्रिंट म्हणतात हे मी मागवतानाच पाठ करून ठेवलं होतं, कारण घरी येईल त्याला सांगायचं होतं. एका फोटोत नुसते खांब, आभाळाला टेकलेले. दुसऱ्यात भिंतीवर कोरलेली माणसं, सगळी एका बाजूला तोंड करून निघालेली. मधला सगळ्यात मोठा. त्यात देवळाच्या दाराशी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या दोन प्रचंड मूर्ती. एकीला नाक नाही, दुसरीचा अर्धा चेहराच गेलेला. मला नेमकं तेच आवडलं होतं. इजिप्त मी पाहिलेलं नाही. अजिंठ्यालासुद्धा शाळेची सहल घेऊन गेले तेव्हा सगळा वेळ पोरं सांभाळण्यात गेला.

माझी माय तेव्हा नुकतीच जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीहून आमच्याकडे कायमची राहायला आली होती. वडील गेल्यावर ती तिथं एकटीच राहायची. "लेकीच्या घरी कसं राहावं," हे तिचं पालुपद. मी हातापाया पडून तिला आणलं, आणि आल्या आल्या तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डाळीचे डबे खाली आणले, माझा मिक्सर वर टाकला. मी चिडचिड करायचे, पण आतून फार बरं वाटायचं.

फोटो लागले त्याच आठवड्यात नवरा स्कूटरवरून पडला आणि त्याच्या मनगटाला प्लास्टर बसलं. माय मधल्या फोटोसमोर उभी राहिली.

"बाई, खंडित मूर्ती घरात ठेवत न्हाईत. बिलकुल न्हाई. नदीत सोडून ये."

"अगं माय, मूर्ती कुठंय? फोटो आहे. आणि ते देव नाहीत, राजे आहेत."

"देवळाच्या दारात बसलेत ना? मंग?"

स्कूटर वाळूवरून घसरली, त्यात इजिप्तचा काय संबंध, असं मी जरा जोरातच म्हणाले. फोटो निघणार नाहीत, हा विषय पुन्हा नको, हेही सांगून टाकलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मायनं बोलणं सोडलं की तिनं काम हातात घेतलंय असं समजावं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. सुटल्यावर शाळेतल्या चौघी बाई माझं घर बघायला आल्या. खरं तर भिंत बघायला, कारण त्या भिंतीचं पुराण मी स्टाफरूममध्ये आठवडाभर लावलं होतं. दार मायनं उघडलं. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पूजेचं ताट, आणि चेहऱ्यावर आनंद नुसता मावत नव्हता.

"या, या. बघा देव कसे दिसून राह्यले."

मधल्या दोन्ही मूर्तींची तोंडं शेंदरानं माखली होती, वेशीवरच्या मारुतीसारखी. तेल खाली ओघळत होतं. त्यात चांदीचे डोळे बसवलेले. नाक नव्हतं तिथं शेंदराचंच नाक काढलेलं, आणि ते चांगलं जमलं होतं.

"राजूरच्या गणपतीला चतुर्थीला गेल्ते ना, तवाच आणल्ता शेंदूर," माय सांगू लागली. "झिजल्या देवाला शेंदूर चढवला की तो पुरा होतो. आता खंडित न्हाईत. टाकायचं काम न्हाई, तुझी हौस बी राह्यली."

माझी हौस आणि तिची भीती, दोन्ही सांभाळेल असा रस्ता तिनं काढला होता. मला ते नंतर उमगलं असं म्हणायची सोय नाही. त्याच क्षणी उमगलं होतं. पण मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि माझे कान तापले.

"ह्यांना काही कळत नाही हो, गावाकडच्या आहेत," मी त्या बायकांना म्हणाले.

ह्यांना! जन्मात मी मायला अहो-जाहो केलेलं नाही. एखाद्या परक्या बाईची ओळख करून द्यावी तसं मी बोलले. हाताला लागलं ते ओलं फडकं घेतलं, सोफ्यावर चढले आणि त्या तोंडांवरून खसाखसा फिरवलं. चांदीचे डोळे टपाटपा खाली पडले.

"अगं, ते फरशीचं फडकं हाय," माय म्हणाली. आवाज न चढवता, एवढंच.

हसणं बंद झालं. त्या चौघीही इकडच्याच, कुणी धावड्याची, कुणी भोकरदनची. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई, ज्यांच्यावर छाप पाडायची माझी जास्त धडपड होती, त्या खाली वाकल्या. एकेक डोळा वेचून त्यांनी कपाळाला लावला आणि मायच्या ताटात ठेवला.

"फडकं तरी दुसरं घ्यायचं," त्या मला म्हणाल्या.

चहा झाला, पण भिंतीबद्दल कुणी काही विचारलं नाही. शेंदूर मात्र पूर्ण निघाला. मेटल प्रिंटची तारीफच ती असते, ओल्या कापडानं पुसा, डाग राहत नाही. भांड्यांच्या साबणाचा एक हात मारला आणि मूर्ती पुन्हा बिननाकाच्या झाल्या.

मायची मी माफी मागितली. "मला कशाचा राग यायलाय," म्हणाली. फोटो काढायला स्टूल घेतलं तर म्हणाली, "राहू दे. तुझ्या घरातलं हाय." ती टेंभुर्णीला निघून जाईल या धास्तीनं तिची पिशवी जागेवर आहे ना, हे मी सारखं बघत होते. ती गेली नाही. भांडली असती, गेली असती, तर जाऊन तिला परत तरी आणता आलं असतं.

आता ती विचारते. "बाई, पंखा लावू का?" "ह्या डब्यातला गूळ घेऊ का?" स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी दारात थांबते. मी म्हणते, माय, असं काय करतेस, तुझंच घर आहे. ती "हो" म्हणते आणि मी पंखा लाव म्हणेपर्यंत तशीच बटणापाशी उभी राहते.

परवा शाळेतली मीटिंग लांबली, नवराही बाहेरच होता. घरी आले तर दिवेलागण होऊन गेलेली आणि हॉलमध्ये अंधार. माय खुर्चीत बसलेली.

"अगं, लाईट का नाही लावलास?"

"तू न्हवती ना," ती म्हणाली. "इचारावं कुणाला?"