लिफ्टची वायर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला इमारतीतली पोरं चिडके काका म्हणत, आणि पोरांचं काही चुकत नव्हतं. राग कायम नाकावर. लिफ्टच्या दारात पाय अडकवून कुणी गप्पा मारताना दिसलं, की चार मजल्यांना ऐकू जाईल असे ते ओरडत. पण तीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही लिफ्टमध्ये कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. अशा माणसावर मालमत्तेची नासधूस केल्याचा गुन्हा दाखल झाला, आणि त्याचा पुरावा त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता.

झालं असं, की लिफ्ट थांबताना मजल्याच्या चार बोटं खाली घसरू लागली. काका गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले, ब्रेक उघडून पाहिला, तर ज्याच्यावर ब्रेकची पकड असते ते लायनर पार रिव्हेटपर्यंत घासलेलं. त्यांनी शनिवारी सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र दिलं, लिफ्ट आजच बंद करा म्हणून, आणि पोचल्याची सही घेतली. सेक्रेटरी राहायचे तिसऱ्या मजल्यावर. कमिटीची निवडणूक तोंडावर आलेली. लिफ्ट बंद म्हणजे वरच्या मजल्यांची मतं गेली, एवढा हिशेब त्यांना चोख जमत होता. त्यांनी पत्र खिशात घातलं आणि बघू म्हणाले.

काकांनी फ्यूज काढून नेला. दुसऱ्या दिवशी वॉचमनने नवा बसवला, सेक्रेटरीसाहेबांचा हुकूम. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. अकराव्या दिवशी काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मेन स्विच बंद केला, मोटरकडे जाणारी जाड वायर कटरने कापली आणि तिच्या टोकाला पुठ्ठा बांधला. त्यावर तारीख, वेळ, कारण आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. त्यांच्या धंद्यात ही रीतच आहे. ज्याने वायर सोडवली त्याने नाव लिहायचं, म्हणजे दुसरा कुणी न विचारता जोडणार नाही. पोलिसांना तपास म्हणून करावा लागला तो एवढाच, की पुठ्ठा वाचायचा.

काकांच्या वकीलबाई तरुण होत्या, हुशारही होत्या, पण पुठ्ठा पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. नाव तरी लिहायचं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. त्यावर काका असे भडकले, की शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट हात थांबवून बघत राहिला. नाव न लिहिता वायर कापतो तो चोर, मी मेकॅनिक आहे, असं त्यांनी बजावलं.

मग सेक्रेटरींकडून तडजोडीचा निरोप आला. देखभालीचं काम दुसऱ्याला देणार अशी कुणकुण लागल्यामुळे रागाच्या भरात, आकसाने वायर कापली, असं लिहून माफी मागा, तक्रार मागे घेतो. काकांच्या बायकोला ते पटलं. गुन्हा शाबीत झाला तर लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं तर या वयात कोण दारात उभं करणार, याच काळजीने तिची झोप उडाली होती.

"अहो, सही करा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. "तुमचा ताठा सांभाळता सांभाळता मी थकले."

काका बायकोला घेऊन सही करायला खरंच निघाले होते. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून निघाले होते. वकीलबाईंच्या टेबलावर माफीनाम्याखाली फिर्यादीची नुकसानीची यादी पडली होती. वाचायची म्हणून त्यांनी ती वाचली. केबल, पॅनेलचं झाकण, आणि तिसऱ्या ओळीत ब्रेक लायनर, दोन नग. काकांनी बोट ठेवलं.

"बाई, वायर कापल्यावर लायनर कसं झिजतं, ते मला समजावून सांगा."

वकीलबाईंनी ती यादी दहा वेळा चाळली होती. त्यांच्या लेखी लायनर म्हणजे लिफ्टचाच काहीतरी तुकडा. या लोकांनी झिजलेला ब्रेक बदलून घेतला आणि तोही काकांच्याच माथी मारला होता. हाव माणसाला कुठवर नेते बघा. काकांनी माफीनामा फाडला. बायकोने तुकडे गोळा केले, टोपलीत टाकले आणि यापुढे सही करा म्हणणार नाही, असं सांगितलं.

खटला उभा राहिला. लिफ्ट बंद पडल्याने किती हाल झाले ते सांगायला सरकारी वकिलांनी सातव्या मजल्यावरच्या आजींना आणलं. आजींनी गुडघ्यांचं सगळं सांगितलं. मग वकीलबाईंनी सहज विचारलं, त्याआधी लिफ्ट नीट चालत होती का.

आजी म्हणाल्या, चालत होती की. लिफ्ट बंद पडली त्याच्या आदल्या आठवड्यात सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधून आल्या, तेव्हा सेक्रेटरीनेच हात धरून लिफ्टमध्ये नेलं, सातचं बटण दाबलं, बाहेर येऊन दार लावून दिलं. नंतरही दोनदा. फार गुणी मुलगा.

"आणि ते स्वतः?" वकीलबाईंनी विचारलं.

"तो जिन्याने. मी म्हटलं, अरे तूही ये. तर म्हणाला, सध्या चालणं चांगलं असतं."

तो सोमवार म्हणजे पत्र मिळाल्यानंतरचा दुसराच दिवस. वकीलबाईंनी सेक्रेटरींची सही असलेलं पत्र आजींच्या हातात दिलं. आजींनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर करून त्यांनी समोरच्या बाकावर बसलेल्या सेक्रेटरीकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

सेक्रेटरी हातातले कागद चाळू लागले. काका मात्र उठून उभे राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. न्यायाधीशांनी दोनदा ताकीद दिली तेव्हा कुठे बसले.

पुढच्या तारखेला काका निर्दोष सुटले. नुकसान करण्याचा हेतू नव्हता, असं निकालात आलं. बाहेर व्हरांड्यात बायको रडली, वकीलबाई हसल्या. काकांचा पारा काही उतरला नव्हता.

"वायर कापली म्हणून वर्षभर मला इथे उभं केलं," ते म्हणाले. "त्याने डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाईला त्या लिफ्टमध्ये घालून दार लावलं. त्याला कुठलं कलम लागतं?"

वकीलबाईंनी थोडा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "कलम आहे, काका, पण लावणार कुणी नाही. कारण काही झालंच नाही."

"झालं नाही," काका म्हणाले, "कारण मी वायर कापली."