उशीखालची सुरी

चांगली सुरी घरात कशी ठेवावी, असं कोणी विचारलं तर रंगनाथ आहेर एका दमात सांगत: कोरडी, वेगळी आणि हाताशी. देवळाली कॅम्पातल्या एका ऑफिसर्स मेसमध्ये त्यांनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला, आणि या तीन शब्दांवरून किती जणांना फैलावर घेतलं असेल त्याला गणती नाही. ओली राहिली की सुरी गंजते. चमच्यांत टाकली की धार जाते. आणि हाताशी नसेल तर ती असून नसल्यासारखीच. आता त्यांच्या स्वतःच्या चार सुऱ्या कोरड्या होत्या, वेगळ्याही होत्या. फक्त त्या सुनेच्या कपाटातल्या तिजोरीत होत्या आणि किल्ली सुनेच्या पर्समध्ये होती.

सुऱ्या साध्या नव्हत्या. बदली होऊन निघालेल्या एका मेजरसाहेबांनी जाताना दिलेल्या, अस्सल पोलादाच्या, लाकडी मुठींच्या. एक मोठी, एक हाडं सोडवायची, एक पावाची करवती आणि एक वीतभर लांबीची छोटी. कॅम्पच्या बाजारात होल्डॉल शिवणाऱ्या शिंप्याकडून रंगनाथांनी त्यांच्यासाठी खाकी कॅनव्हासची गुंडाळी शिवून घेतली होती, प्रत्येकीला आपला आपला खिसा. बायको कुसाबाई गेली तेव्हा कॅम्पातली भाड्याची खोली सुटली. मुलगा दीपक त्यांना पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. सामान काय तर एक ट्रंक, कुसाबाईचा फोटो आणि ही गुंडाळी.

दीपक अंबडच्या कंपनीत शिफ्टला जाई. सून पूजा डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. दिवसभर घरात रंगनाथ आणि चार वर्षांची नात आरोही. पहिले काही महिने मजेत गेले. आजोबा भाजी चिरत, नात शेजारी बसून गाजराच्या चकत्या मोजत. आरोहीनं एखादी वस्तू मागितली आणि ती धारेची असली, तर आजोबा सांगत, "सुरी हातात देत नसत्यात. खाली ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. नाय तर भांडण व्हतं." पोरीला हा नियम इतका आवडला की ती पेन्सिलसुद्धा खाली ठेवूनच द्यायला लागली.

मग आरोहीला ताप आला. ताप उतरला, पण पोर झोपेत दचकायला लागली. रंगनाथांच्या चांदवडकडच्या घरी पोर दचकलं की उशीखाली लोखंड ठेवत: विळा, अडकित्ता, हाताला येईल ते. दीपकच्या उशीखाली कुसाबाईनं वर्षभर अडकित्ता ठेवला होता. या फ्लॅटमध्ये अडकित्ता कुठला असणार? रंगनाथांनी छोटी सुरी घेतली, तिला पुठ्ठ्याचं म्यान केलं, वर दोरा गुंडाळला आणि उशीखाली गादीच्या कडेला सरकवली. पूजाला सांगितलं नाही. ती हसेल, असं त्यांना वाटलं. आणि पोर दचकायची थांबली, हेही खरं. ताप उतरल्यामुळे थांबली असेल, पण आजोबांना हे कोण पटवणार.

चौथ्या दिवशी पूजानं चादर बदलायला उशीखाली हात घातला. पुठ्ठा सरकला होता. बोटाला तीन टाके पडले.

तिनं आवाज चढवला असता तर रंगनाथांना बरं वाटलं असतं. तिनं एवढंच म्हटलं, "अण्णा, तुम्ही मला सांगितलं नाहीत." आणि गुंडाळी उचलून कपाटात ठेवली. त्या दिवसापासून ती सकाळी सातला भाजी चिरून डब्यांत भरी, मग सुऱ्या कुलपात घाली आणि किल्ली घेऊन कामाला जाई. घरातल्या साध्या सुऱ्याही त्यात गेल्या. दुपारी आरोहीनं काकडी मागितली की रंगनाथ ती हातानं मोडून देत. एकतीस वर्षं दीडदीडशे माणसांची कोशिंबीर केलेला माणूस काकडी हातानं मोडत होता, आणि याबद्दल बोलायची सोय नव्हती, कारण चूक त्यांचीच होती. बरं, घरात सगळे इतके नीट वागत की रुसायलाही जागा नाही. पूजा त्यांना वेळेवर चहा देई, गोळ्यांची आठवण करी. गुदमरायला होई ते यामुळेच.

पावसाळ्यात त्यांनी हिय्या करून विषय काढला. "पोलाद हे ते. तेल लावलं नाय तर तांबेरा धरंल." पूजानं ऐकलं. दर रविवारी ती गुंडाळी काढून टेबलावर ठेवी, रंगनाथ एकेक सुरी पुसून तेलाचा बोळा फिरवत, आणि ती समोर खुर्चीवर बसून राही. झालं की चार मोजून पुन्हा कुलपात. कॅम्पात जवानांच्या बंदुका अशाच मोजून घेत, त्या खोलीला कोत म्हणत. रंगनाथांनी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आता दर रविवारी ते कोतीसमोर उभे होते.

"काहीतरी मार्ग काढू ना," दीपक एका रविवारी म्हणाला आणि मोबाईल घेऊन बसला. लोहचुंबकाची पट्टी होती, भिंतीला लावायची, सुऱ्या तिला चिकटून राहतात. रंगनाथांचे डोळे चमकले. मेसमध्ये तशी होती. पाठ आधी टेकवायची, काढताना वळवून काढायची, म्हणजे धार घासत नाही. पूजा म्हणाली, "आरोही ओट्यावर चढते." लाकडी ठोकळा होता, खाचांचा. तो रंगनाथांनीच नाकारला, खाचा आतून पुसता येत नाहीत, ओल धरते. माळ्यावर ठेवावं तर त्यांचे गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत. ड्रॉवरला लहान मुलांसाठीचं लॉक लावावं, तर आरोही मोबाईलचं लॉकसुद्धा उघडते. तासाभरात सगळ्या वाटा पाहून झाल्या आणि मोबाईल बंद झाला. पूजा आत गेली.

तेव्हा रंगनाथांनी मनात एक डाव धरला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत. म्हणजे त्या दिवशी सुऱ्या बाहेर येणार आणि पूजाला त्या कुलपात घालता येणार नाहीत. एक अख्खा दिवस त्या उघड्यावर राहतील, कुणाला काही होणार नाही, आणि सुनेची भीती आपोआप जाईल. गणपती उठल्यापासून ते दिवस मोजत होते.

खंडेनवमीला दीपक डबल शिफ्टला जाताना आपला मोजमापाचा व्हर्निअर ठेवून गेला. पूजानं हॉलमध्ये पाट मांडला, लाल कापड अंथरलं. व्हर्निअर, तिचा लॅपटॉप, आरोहीचे खडू आणि मधोमध चार सुऱ्या, त्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. मग सवयीनं तिचा हात गुंडाळीकडे गेला.

"उद्यापर्यंत हलवत नसत्यात," रंगनाथ शक्य तितक्या सहज म्हणाले.

पूजा पर्स खांद्याला लावून उभी राहिली. नऊ वाजत आले होते. तिनं सुऱ्यांकडे पाहिलं, आरोहीकडे पाहिलं. "तुम्ही आहात ना अण्णा?"

"आहे की."

ती गेली. रंगनाथांनी पाटाजवळ खुर्ची ओढली आणि बऱ्याच महिन्यांनी पाय लांब करून बसले.

अकराच्या सुमारास बेल वाजली. कुरिअरवाला होता, पूजाच्या नावाचं छोटं खोकं. मोबाईलवर आलेला आकडा सांगा, म्हणाला; पूजानं नंबर त्यांचाच दिला होता. रंगनाथांनी चष्मा शोधला, आकडा सांगितला, खोकं घेतलं, दार लावलं. मिनिट गेलं असेल, फार तर दीड. वळून पाहतात तर आरोही पाटाशी उभी, छोटी सुरी तिच्या मुठीत, टोक स्वतःकडे.

"आबा, ही माझी ना? माझ्या उशीखालची?"

धावावं तर पोर दचकेल. हात पुढे करावा तर ती सुरी पुढे करेल. मग नेहमीचंच तोंडातून आलं. "हातात देत नसत्यात, बाळा."

"हो," आरोही म्हणाली, आणि शहाण्यासारखी खाली वाकून तिनं सुरी फरशीवर ठेवली.

रंगनाथांनी ती उचलली. सुरी पाटावर ठेवून ते पाटाला पाठ लावून बसले ते बसलेच. सकाळची पोळी गूळ लावून पोरीला तिथंच भरवली. मोरीत जायचं झालं तेव्हा तिला हाताला धरून नेलं. आरोही खेळत खेळत पाटाच्या बाजूला वळली की यांची मान वळे. दोन वाजले, तीन वाजले, पाय बधिर झाले. सुऱ्या हाताच्या अंतरावर होत्या, इतके दिवस हवं होतं तेच, आणि त्यांना एकदाही त्यांच्याकडे पाहावंसं वाटलं नाही. पूजा कधी येते एवढंच वाटत होतं. सांगितलं नाही तर कोणाला कळणार नव्हतं, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आणि सांगितलं तर त्या सुऱ्या पुन्हा कधी कुलपाबाहेर निघणार नव्हत्या.

सहाला पूजा आली. ती चपला काढत असतानाच ते म्हणाले, "तिच्या हातात सुरी गेली व्हती. मी दाराशी गेलो तेवढ्यात. काय झालं नाय. पण गेली व्हती."

पूजानं आरोहीला उचललं, तिची दहाही बोटं पाहिली. मग पोरीला मांडीवर घेऊन ती त्यांच्यासमोर फरशीवरच बसली.

"उचल त्या," रंगनाथ म्हणाले. "आजच उचल. ठेव कुलपात."

"पुजलेल्या आहेत."

"असू दे."

तिनं टीपॉयवरचं खोकं ओढलं आणि उघडलं. आत ड्रॉवरचं लॉक होतं, दोन बटणं एकदम दाबायची तसलं. "हे दसऱ्याला लावणार होते," ती म्हणाली. "म्हटलं, सुऱ्या तुमच्या हाताशी येतील." मग म्हणाली, "मी रोज दवाखान्यात अशीच बसलेली असते अण्णा. पेशंटचं नाव लिहिताना एक हात पर्सवर असतो. किल्ली आहे ना, बघत असते. तुम्ही आज सांगितलंत. तेव्हा सांगितलं असतंत तर."

तिनं पर्समधून किल्ली काढली. इतके रविवार तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली होती, त्यांच्या हातात कधी दिली नव्हती. किल्ली मात्र तिनं थेट त्यांच्या तळहातावर ठेवली.

दसऱ्याला रंगनाथांनी कोथिंबीरवडीच्या इतक्या सारख्या वड्या पाडल्या की दीपकनं फोटो काढला. मग त्यांनी सुऱ्या धुतल्या, पुसल्या, तेल लावलं, चार मोजल्या, कपाटात ठेवून कुलूप घातलं. ड्रॉवरचं लॉक खोक्यातच राहिलं. पूजा त्या दिवसापासून पर्स कुठेही टाकते. रंगनाथ संध्याकाळी फिरायला निघतात, लिफ्टनं खाली जातात, गेटपर्यंत पोचतात आणि खिसा चाचपतात. किल्ली असते. पण कुलूप लावलं का, हे नक्की आठवत नाही. ते परत वर येतात.