खाटेचा नियम

ताईंच्या पायाला भिंगरी होती. कचेरीत त्यांना सगळे ‘पळापळताई’ म्हणत, तेही तोंडावर. शहरातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या तीन खात्यांना, म्हणजे दवाखाना, निवारा आणि घरवाटप यांना एका टेबलाशी आणून बसवायचं, हे त्यांचं काम. आणि या तिघांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य! एकाच माणसाची तिघांकडे तीन वयं, आणि निधी मात्र तिघेही त्याच्याच नावावर मागणार. “अगं, जेवताना तरी बूड टेकव,” नवरा म्हणायचा. ताई उभ्यानेच घास गिळत आणि फोनवर कुणाची तरी मनधरणी करत.

शेवटी तिन्ही खाती एकच माहिती वापरायला तयार झाली, पण घरवाटपाच्या साहेबांचं घोडं अडलं. ज्याला महिन्याहून जास्त कुठेही खाट मिळाली तो बेघर नाही, आणि बाहेर पडला तर त्याने पुन्हा पहिल्यापासून वाट पाहायची, ही त्यांची अट. नातेवाइकांकडे मजेत राहून रांगेत नाव अडकवून ठेवणाऱ्यांना चाप बसावा, एवढाच त्यांचा हेतू. निधीची मुदत तोंडावर आली होती. “घालू या,” ताई म्हणाल्या. नियमाचे शब्दही त्यांनीच जुळवून दिले.

शिंपीण मावशी बंद पडलेल्या बँकेच्या पायऱ्यांवर राहत. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे उसवलेले कपडे शिवून देत आणि शिवताना त्यांना चार शब्द सुनावत. खोलीची वाट पाहण्यात वर्षं गेली होती. त्यांना बाकी काही नको होतं. आतून कडी लावता येईल असं दार हवं होतं. नंबर अगदी जवळ आला आणि नेमका तेव्हाच पाय चिघळला.

“मी नाही येत दवाखान्यात. इथून हलले आणि नेमकं कुणी विचारायला आलं तर?”

“मी आहे ना, मावशी! तुमचं नाव कुठे पळून जात नाही.”

ताईंनी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

जखम हट्टी निघाली. महिना उलटून गेला. पूर्वी दवाखान्याने हे कुणाच्या कानावरही घातलं नसतं. आता ताईंच्या कृपेने सगळा कारभार चोख! खाटेची नोंद लगोलग घरवाटपाकडे पोचली आणि मावशींचं नाव रांगेच्या शेवटी जाऊन बसलं. इतक्या गुण्यागोविंदाने ती खाती आजवर कधी वागली नव्हती.

ताई धापा टाकत साहेबांच्या खोलीत शिरल्या. “अहो, आजारी बाई आहे ती! मजा मारायला गेली होती का?”

“मान्य आहे. पण नियमात आजारपण वगळायचं राहिलं. तुमच्याकडून आणि माझ्याकडूनही.” साहेबांना खरंच वाईट वाटत होतं, आणि ताईंना त्याचाच जास्त राग आला. “पुढच्या बैठकीत बदलू. आज एकीसाठी मोडला, तर तपासणीत सगळ्यांचाच निधी अडकेल. आणि ती खोली तर सकाळीच दुसऱ्याला गेली.”

दवाखान्यात मावशी गाठोडं बांधून तयार होत्या. “किल्ली आणलीस?”

ताईंनी सगळं सांगून टाकलं. नियम कुणी लिहिला, तेही.

मावशींनी पायाची पट्टी बोटांनी चाचपली. “म्हणजे पाय सडू दिला असता, तर खोली मिळाली असती?”

“हो.”

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तुम्ही माझ्या घरी चला. आत्ताच. नवऱ्याला मी सांगते, आतली खोली रिकामीच असते.”

“तुझ्याकडे खाट आहे?”

“आहे की!”

“मग तुझ्याकडे काढलेले दिवस वाट पाहण्यात धरतील?”

नियमाचा शब्द न् शब्द ताईंना पाठ होता. “नाही धरणार,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“मग नको. माझ्या वयात दिवस असे वाया घालवता येत नाहीत, बाळा.”

संध्याकाळी ताईंनी त्यांना पायऱ्यांवर आणून सोडलं. स्वतःच्या हातांनी अंथरूण घातलं, दुखऱ्या पायाखाली घडी करून शाल ठेवली आणि जायला उठल्या, तशी मावशींनी त्यांचा हात धरला. “आधी नोंद कर. आजचीच तारीख घाल, उद्याची नको.”

ताईंनी तिथेच बसून फोनवर लिहिलं, आजपासून उघड्यावर. मावशींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच त्या आडव्या झाल्या.