वर राहिलेली एक बाई

वस्ती म्हणजे सगळी मिळून चौतीस घरं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि डोंगराच्या पोटात लोखंडाची माती. त्या मातीपायी वस्तीत सगळंच तांबडं झालं होतं. पत्रे तांबडे, वाळत घातलेले कपडे तांबडे, बायकांच्या टाचांच्या भेगासुद्धा तांबड्या. रोज दुपारी एकला खाणीत सुरुंग उडायचा. त्याआधी पाच मिनिटं बायका भिंतीवरचा आरसा काढून अंथरुणावर ठेवायच्या, तान्ह्या लेकरांचे कान झाकायच्या आणि धमाका झाला की फळीवरची भांडी सरळ करून पुन्हा कामाला लागायच्या.

खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर आडवा बांबू होता आणि बांबूपाशी लाल निशाण घेऊन आत्या उभी असायची. वस्तीची लेक, नवरा गेल्यावर माघारी आलेली, म्हणून सगळ्यांचीच आत्या. पुढे तिचं नावच निशाणआत्या पडलं. काम दिसायला सोपं होतं. वस्तीची बोअर तांबडं पाणी ओकायला लागल्यापासून बायका खाणीमागच्या झऱ्यावर जायच्या आणि ती वाट नेमकी सुरुंगाच्या टप्प्यातून जायची. सकाळी त्यांना वर सोडायचं, बाराच्या आत सगळ्या खाली आल्या का ते बघायचं आणि मगच निशाण खाली करायचं. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. एक बाई वर गेली की ती डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायची, बाई खाली आली की परत डावीकडे. सहा वर्षांत तिचा हिशेब चुकला नव्हता.

सगळ्या जणी जाता-येता तिच्याशी दोन शब्द बोलायच्या. फक्त तिची सख्खी भावजय बोलत नव्हती. बांबू जिथे रोवला होता तो तुकडा वहिनीच्या नांगराखालचा. कंपनीने तो घेतला आणि बदल्यात घरातल्या एकाला काम देऊ केलं. दादाची छाती धुळीने धरायची, डॉक्टरने त्याला खाणीची वाट बंदच केली होती. वहिनीने कंपनीचा उंबरा चढायचा नाही अशी शपथ घेतलेली. मग आत्याने काम धरलं. वहिनी एकदाच म्हणाली, "माझ्याच शेतात उभ्या राहून मला अडवणार तुम्ही," आणि तेव्हापासून अबोला. ती बांबूखालून मान फिरवून जायची. आत्या मुकाट्याने खडा हलवायची.

त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडली होती. साडेअकराला डोंगरामागून ढग वर आले आणि लांबवर गडगडायला लागलं. आत्याच्या गळ्यातला वॉकीटॉकी खरखरला. पलीकडे सुरुंगमिस्त्री होता, पंधरा वर्षं याच कामात मुरलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. आज त्याचा आवाज घाईत होता. भोकांत दारू भरून, तारा जोडून झाल्या होत्या. जवळपास वीज पडली तर सुरुंग आपोआप उडणार. एकची वाट बघायची सोय नव्हती. ढग पोचायच्या आत त्याला उडवायचं होतं. वाट मोकळी आहे का, एवढंच त्याने विचारलं.

आत्याने उजव्या खिशात हात घातला. एक खडा होता.

"एक बाई वर आहे," ती म्हणाली.

कोण, हे तिला लगेच कळलं होतं. बाकीच्या अकरा जणी तिच्या डोळ्यांदेखत खाली उतरल्या होत्या. तरी तिने बांबूपाशी थांबलेल्या ट्रकवाल्याच्या क्लीनरला पळत दादाकडे पाठवलं. निरोप आला की वहिनी घरी नाही, शेजारीही नाही. तोवर खाणीचे नवे साहेब वॉकीटॉकीवर आले. त्यांचं म्हणणं, बाई नदीच्या अंगाने उतरली असेल, खडे मोजून खाण चालत नाही, निशाण खाली घ्या. आत्याच्या मनात पाल चुकचुकली. नदीच्या अंगाने वाट होती खरी. वहिनी तिचं तोंड चुकवायला तिकडून गेलीही असेल.

"साहेब, ती नदीने गेली असेल तर मी खोटी पडेन," आत्या म्हणाली. "पण गेली नसेल तर?"

मग मिस्त्रीचा आवाज आला. त्याने आपली माणसं मागे घेतली होती. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत वीस आकडे मोजून होत होते. दहावर आलं की तो कोणालाच जवळ फिरकू देणार नव्हता, आणि त्यानंतर काय होईल ते त्याच्या हातात नव्हतं.

जागा सोडायची नाही हा आत्याच्या नोकरीचा पहिला नियम. तिने निशाण ट्रकवाल्याच्या हातात दिलं. तो गांगरला, म्हणाला मला यातलं काय कळतंय. तिने सांगितलं, कळायचं काही नाही, मी परत येऊन हातातून घेईपर्यंत हे खाली करायचं नाही, कोणाच्या बापाने सांगितलं तरी नाही. आणि पदर खोचून ती वर निघाली.

चढ अर्ध्या तासाचा. तो तिने कसा चढला ते तिला पुढे कधी आठवलं नाही. वीज चमकली की ती आकडे मोजायची. अठरा. सतरा. भोकांची रांग उजव्या हाताला होती, पिवळ्या तारा मातीवर पसरलेल्या. तिकडे न बघता ती पाय उचलत होती. झऱ्याच्या वळणावर तिने हाक मारली आणि खालून उत्तर आलं.

वहिनी दगडाला टेकून बसली होती. घोटा सुजून टम्म झालेला, हंडा बाजूला आडवा. शेवाळावरून घसरली होती आणि ओरडून ओरडून घसा बसला होता.

"तुम्ही कशाला आलात?" वहिनी म्हणाली.

"उठा."

"पाय टेकवत नाही."

"मग माझ्यावर टेका. भांडायचं ते खाली गेल्यावर."

वहिनी अंगाने भरलेली, आत्या काडीसारखी. दोघी एकमेकींना धरून उतरायला लागल्या. चौदा. तारांपाशी आल्यावर वहिनीने पहिल्यांदा त्या बघितल्या आणि तिच्या लक्षात आलं. तिने आत्याचा हात सोडवायला बघितला, म्हणाली तुम्ही पुढे व्हा. आत्याने तिच्या दंडात बोटं रुतवली. अकरा. पुढचा उतार त्यांनी बसून, घसरत, फरफटत काढला. नऊ झाले तेव्हा त्या मोठ्या कातळाच्या आडोशाला पोचल्या होत्या. तिथून पुढे जायची ताकद दोघींत नव्हती. आत्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मिस्त्री, कातळामागे आहोत. दोघी. उडवा."

"नक्की?"

"उडवा."

जमीन एकदा उचलली गेली. कातळावर दगडांचा मारा झाला, एक वहिनीच्या पायापासून हातभर अंतरावर येऊन पडला. धूळ बसेपर्यंत दोघी एकमेकींच्या कुशीत तोंड खुपसून होत्या. वहिनी हुंदके देत होती की आत्या, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

ट्रकवाला निशाण वर धरून तसाच उभा होता. हात सुन्न पडला होता. आत्याने घेतलं तेव्हा त्याची बोटं उघडेनात.

चौथ्या दिवशी जागा सोडल्याबद्दल आत्याला कामावरून थांबवलं. वस्तीतल्या बायका बांबूपाशी येऊन बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही, नुसत्या बसल्या. चौकशीत मिस्त्रीने उभं राहून सांगितलं की चूक कोणाची म्हणाल तर माझी, वाट मोकळी व्हायच्या आधी दारू भरली. सोळा दिवसांनी आत्याला परत घेतलं आणि नियम बदलला. खालून निरोप आल्याशिवाय भोकांत काही भरायचं नाही. साहेब मात्र तिच्याशी पुढे कधी धड बोलले नाहीत.

वहिनीचा घोटा वाकडाच जुळला. दुसऱ्या वर्षी सुरुंगांनी झऱ्याची शीर फुटली आणि पाणी आटलं. आता आठवड्यातून तीनदा टँकर येतो. तो आला की रांगेत दोन्ही घरांचे हंडे शेजारी शेजारी लागतात आणि नळी कोणाच्या हंड्यात आधी, यावरून नणंद-भावजयीचं कडाक्याचं वाजतं.