अकरा वेळा आलेली मुलगी

आई पेपर हातात घेतला की आधी गुन्हेवृत्त वाचते. मुख्यमंत्री बदलले तरी ते तिला दुसऱ्या चहानंतर कळतं. तहसील कार्यालयात बत्तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे असेल, पण माणसं सरळ वागतात यावर तिचा फारसा विश्वास नाही, आणि वाकडं वागणाऱ्यांचा तिला रागही येत नाही. तपशील मात्र पूर्ण हवेत. कोणी, कोणाला, कशावरून, आणि पोलीस किती उशिरा आले.

ती सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आमच्याकडे आली आणि तिचा हा खुराक बंद पडला. आमच्या कॉलनीत गुन्हे होत नाहीत. झालाच तर असा, की कोणीतरी कचऱ्याचा डबा वेळेआधी बाहेर काढून ठेवतो, मग त्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर येतो आणि चाळीस लोक हळहळतात. आईने दोन आठवडे हे माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "यात काही दम नाही."

ऑक्टोबरमध्ये, तिच्या परतीला तीन आठवडे उरले असताना, माझ्या मुलीने तिची सोय केली. मुलगी सातवीत आहे. टेक्ससमध्ये सातवीला टेक्ससचा इतिहास असतो आणि प्रोजेक्टचा विषय आपला आपण निवडायचा असतो. तिने एक दरोडेखोर जोडपं निवडलं.

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, लोकांची घरंदारं गेली, आणि काही तरुण जोडपी मोटारी चोरून दुकानं-बँका लुटत फिरू लागली. त्यांतली एक जोडी जगभर गाजली. आमची ती नव्हे. आमची दुय्यम. पण तिचंही एक गाव आहे, आमच्यापासून चार तासांवर, पाइनच्या जंगलात. गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलिसांनी दबा धरून दोघांना गोळ्या घातल्या. आता दर वर्षी गाव तिथे उत्सव करतं.

"आजी, दे वेअर सो इन लव्ह," मुलगी म्हणाली.

"लग्न झालं होतं?" आईने विचारलं.

मुलीने लॅपटॉपमध्ये बघितलं. त्या जोडप्यातल्या मुलीचं झालं होतं, पण दुसऱ्याशी. तो तुरुंगात होता.

आई खुर्ची पुढे ओढून बसली. त्या शनिवारी आम्ही तिघी उत्सवाला जायला निघालो. नवरा ऑन-कॉल होता, आणि त्याला त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे मी अशी का वागले ते कळेल. तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. नाशिकला, चार दिवस आयसीयूत राहून. मी गेले नाही. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. इथे राहायला आणि नोकरी करायला त्याने काही अडत नाही, पण देशाबाहेर गेलं की मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि शिक्क्याच्या तारखा तेव्हा मिळत नव्हत्या. मी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, जा की, जाण्याला कोणाचीच हरकत नाही, परत कधी येता येईल ते मात्र मी सांगू शकत नाही, निर्णय तुमचा. मी चार दिवस निर्णय घेत बसले. नवं घर होतं, मुलगी नऊ वर्षांची होती, नोकरी टिकण्यावर सगळं अवलंबून होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती इतक्या वेळा उगाळली आहेत की आता त्यांची चवही लागत नाही. वडील गेले त्या सकाळी मी आईला सांगितलं की इथला कायदा मला जाऊच देत नाही. दहन व्हिडिओ कॉलवर बघितलं. मध्ये दोनदा रेंज गेली.

आई आली तेव्हा मी ठरवलं होतं, पहिल्याच आठवड्यात खरं सांगायचं. मग ठरवलं, जेट लॅग जाऊ दे. ऑक्टोबरपर्यंत तिचा जेट लॅग गेला होता.

गाव उत्सवाच्या मानाने लहान होतं. मुख्य रस्त्यावर लोक जुन्या काळचे कपडे घालून घामाघूम फिरत होते. बायकांच्या डोक्यावर तिरक्या टोप्या, पुरुषांच्या हातात प्लास्टिकच्या बंदुका. एका स्टॉलवर मगांच्या जोड्या होत्या, एकावर 'त्याचा' आणि दुसऱ्यावर 'तिचा', दोन्हींवर गोळ्यांची भोकं छापलेली. लग्नाच्या वाढदिवसाला लोक नेतात, असं विकणारी म्हणाली. आईने त्यातला एक मग उलटा करून बघितला. चीनमध्ये बनलेला होता.

गोळीबार दिवसातून तीनदा होता, अकरा, एक आणि तीन वाजता. आम्ही एकचा बघितला. गवताच्या पेंढ्यांमागे सहा पोलीस लपले. काळी जुनी मोटार आली. धडाधड आवाज झाले, धूर झाला, आणि दार उघडून तिरक्या टोपीची मुलगी हळूच रस्त्यावर पडली, स्कर्ट नीट राहील अशा बेताने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडची एक बाई खरंच डोळे पुसत होती. मग मेलेली मुलगी उठली, गुडघे झटकले आणि फोटोंसाठी उभी राहिली. एरवी ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, असं कोणीतरी सांगितलं.

फोटोंच्या रांगेतल्या एका तरुणाने मोटारीजवळ पोचल्यावर एकदम गुडघा टेकला आणि खिशातून अंगठी काढली. त्याची मैत्रीण किंचाळली. तो म्हणाला की त्याला असंच प्रेम करायचं आहे, शेवटपर्यंत. पुन्हा टाळ्या झाल्या. आईने मला सगळं मराठीत सांगायला लावलं.

"यांना शेवट माहीत नाही का?" तिने विचारलं.

"आत्ताच बघितला त्यांनी."

"मग?"

मला त्या मुलाचा राग आला होता. चोवीस-पंचवीसचा असेल, अंगावर भाड्याचा सूट, आणि शेवटपर्यंत म्हणजे काय याची त्याला काडीची कल्पना नव्हती. मलाही त्या वयात नव्हती, पण मी निदान माणसं जमवून बोलले नव्हते.

म्युझियम म्हणजे एका जुन्या दुकानातल्या दोन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत सगळं त्या दोघांचं. तिचा हातमोजा, त्याची टोपी, पत्रं, आणि दोघं मोटारीला टेकून हसतानाचा भिंतभर फोटो. दोघं दिसायला खरोखर छान होती. त्यांनी मारलेल्या माणसांची चौकट दाराजवळ होती, दोन पोलीस आणि एक किराणा दुकानदार, बारीक अक्षरात. आई चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेली आणि तिन्ही नावं एकेक अक्षर लावत वाचली. दुकानदाराला सहा मुलं होती, हे वाचून म्हणाली, "ह्याच्यावर कर म्हणावं प्रोजेक्ट." मुलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या खोलीत, बाथरूमच्या वाटेवर, एका बाईचा फोटो होता. जाड अंगाची, ॲप्रन बांधलेली, घराच्या पायरीवर बसलेली. तिथे खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या एक आजीबाई बसल्या होत्या, म्युझियमच्या स्वयंसेविका. आई थांबलेली बघून त्या उठल्या. ही त्या दरोडेखोर मुलीची आई, म्हणाल्या. माझ्या आजीची शेजारीण.

मग त्या मनापासून सांगू लागल्या. पाच राज्यांचे पोलीस मागावर असताना मुलगी आईला भेटायला यायची. पोलीस नसले की आई अंगणातल्या दोरीवर निळी गोधडी वाळत घालायची. गोधडी दिसली की मोटार आत. दोन वर्षांत अकरा वेळा आली. काहीही झालं तरी ती यायची, त्या म्हणाल्या, रात्रंदिवस गाडी चालवून, एकदा तर पायात गोळी असताना.

आईने माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं, "ही तिची आई. मुलगी अधूनमधून घरी येऊन जायची म्हणे."

"मॉम," माझी मुलगी म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट शी सेड."

माझी मुलगी मराठी बोलत नाही. कळतं सगळं, पण भाजी वाढू का विचारलं तरी 'आय ॲम गुड' म्हणते. पाच महिने आजी तिच्याशी मराठीत आणि ती आजीशी इंग्रजीत बोलत होती. त्या दिवशी तिथे तिला मराठी फुटली.

"आजी, ती अकरा वेळा आली. पोलीस होते मागे. पायाला गोळी होती. तरी आली. तिच्या आईला बघायला."

"अकरा?" आई म्हणाली.

"अकरा. दोन वर्षात."

मी इथे आल्याला चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तीनदा भारतात गेले. आईने हा हिशेब केला की नाही मला माहीत नाही. तिने फक्त फोटोकडे बघत मला सांगितलं, "त्यांना विचार, येऊ नकोस असं आई सांगायची नाही का तिला?"

मी विचारलं. आजीबाई हसल्या. दर वेळी सांगायची, म्हणाल्या. रडून सांगायची, आणि मग कोंबडी कापायची. शेवटच्या वेळीही मुलगी घरीच निघाली होती. पोलिसांना तेवढं कळून चुकलं होतं, की ही कुठे जावो न जावो, आईकडे येणार. म्हणून ते त्या रस्त्यावर बसले.

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं. माझी मुलगी माझ्याकडेच बघत होती. आईने आजीबाईंना हात जोडून नमस्कार केला, त्यांनीही गोंधळून हात जोडले, आणि आम्ही बाहेर आलो. तीनच्या गोळीबाराची तयारी चालू होती. तो आम्ही बघितला नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी मागे कानात इयरफोन घालून झोपली होती. दोन्ही बाजूंना पाइन संपता संपत नव्हते. मी गाडी क्रूझ कंट्रोलवर टाकली होती, त्यामुळे पायालाही काही काम नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "बाबांच्या वेळी मला येता आलं असतं."

"हो," आई म्हणाली.

मला वाटलं तिला कळलं नाही. "म्हणजे कायद्याने बंदी नव्हती. परत यायला व्हिसाचा शिक्का कधी मिळेल हा प्रश्न होता. नोकरी गेली असती कदाचित. पण येता आलं असतं. मी तुला खोटं सांगितलं."

"अगं, बत्तीस वर्षं सरकारी टेबलावर बसले मी," ती म्हणाली. "कायदा 'जाऊच नका' असं कधी म्हणत नाही. कायदा म्हणतो, अर्ज करा, बघू."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू फोनवर रडत होतीस." तिने एसीची जाळी स्वतःपासून दूर वळवली. "आणि घर माणसांनी भरलं होतं. जो तो विचारत होता, मुलगी कधी येतेय. तुझ्या काकांना सांगितलं, तिकडचा कायदा फार कडक आहे. शेजारच्या मावशींना सांगितलं. गुरुजींना सांगितलं. काकांना पटेना, तर त्यांच्याशी भांडले. खोटं तू एकदा बोललीस, मी तेरा दिवस बोलले."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. मी क्रूझ कंट्रोल काढलं आणि उजव्या लेनमध्ये आले. मागून एक ट्रक हॉर्न देऊन गेला.

"मला यायला हवं होतं," मी म्हटलं. आता ती म्हणेल, जाऊ दे गं, तुझाही नाइलाज होता. गेली तीन वर्षं मी मनातल्या मनात तिच्या तोंडी हेच वाक्य घालत आले होते.

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं."

मी एकदा पाणी हवं का विचारलं, तिने मानेने नाही म्हटलं. ह्यूस्टनच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा तिने विचारलं, "त्या शिक्क्याला हल्ली कितीची तारीख मिळते?"

"सात-आठ महिने लागतात. कधी वर्ष."

"मग आत्ताच नंबर लावून ठेव," आई म्हणाली. "माझ्या वेळी लोकांना सांगायला मी नसेन."