त्याला आधी मिळालं

वेलदोडा कुटला की टोकियोच्या फुनाबोरीतली ती रविवारची दुपार आठवते. आमच्या लॅबमधला ज्युनिअर घरी केलेले पेढे घेऊन दारात उभा होता. जपानात नवा आला तेव्हा त्याला घर शोधून देण्यापासून कचरा वेगळा करायला शिकवण्यापर्यंत सगळं मीच केलं होतं. “ताई, पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली! उच्चकुशल लोकांना लवकर देतात ना, त्या पॉइंट्समध्ये बसलो.” मी त्याच्या कितीतरी आधी आलेली, पण वय आणि पगार दोन्हीकडे माझे पॉइंट्स कमी पडत, म्हणून अजून व्हिसाच वाढवून घेत होते. “अरे वा, अभिनंदन!” म्हटलं खरं, पण हातातला पेढा न खाताच बशीत ठेवून दिला. पुढे काही वर्षांनी मलाही रेसिडेन्सी मिळाली, तेव्हा तो फोनवर आनंदानं अक्षरशः ओरडला. दुसऱ्यासाठी इतकं मनापासून खूश होता येतं त्याला, याचाही मला आज हेवा वाटतो.