बर्गर आणि अँटीबर्गर

इथे परदेशात, आमच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या शेजारच्या स्कॉटिश आजोबांइतका भांडणांवर जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पहिल्याच भेटीत कुंपणावरून त्यांनी सांगितलं, "आमचं घराणं पक्कं अँटीबर्गर." मला वाटलं, गृहस्थ शाकाहारी. बायकोने कौतुकाने बटाटेवडे पाठवले. ते मिटक्या मारत संपवून त्यांनी खुलासा केला, की हा बर्गर खायचा नव्हे. बर्गर म्हणजे शहराचा नागरिक, आणि फार पूर्वी त्यांच्या चर्चमध्ये नागरिकांनी घ्यायच्या एका शपथेवरून फूट पडली. शपथ चालेल म्हणणारे बर्गर, नाही म्हणणारे अँटीबर्गर. मग दोन्हीकडे पुन्हा फूट पडली, जुन्या मताचे 'ऑल्ड लिख्ट' आणि नव्या मताचे 'न्यू लिख्ट'. लिख्ट म्हणजे उजेड. माझ्या डोक्यात मात्र अंधारच.

"म्हणजे एकूण चार गट?" बायकोने विचारलं.

"छे! पुढे काही एकत्र आले, त्यामुळे आणखी वाढले."

हे शब्द ते कुणालाही लावत. कचऱ्याचा डबा आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवणारे समोरचे काका ऑल्ड लिख्ट. सकाळी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत कचऱ्याच्या गाडीमागे धावणारा मी न्यू लिख्ट.

यंदा आमचं मराठी मंडळ फुटलं. गणपती तिथीलाच बसवायचा, की सगळ्यांना सुट्टी असते म्हणून शनिवारी? दोन गणपती झाले. आजोबा खूश! "तू कुठला लिख्ट?" मलाच कळेना. मी दोन्हीकडे प्रसाद खाऊन आलो होतो. तिथीवाला माझा जिवलग मित्र तेवढ्यावरून बोलेनासा झाला. हे सांगितलं तेव्हा आजोबांचं हसू मावळलं.

"माझा थोरला भाऊ दुसऱ्या चर्चमध्ये गेला," ते म्हणाले. "त्याच्या अंत्यविधीला मी दाराबाहेर उभा राहिलो. त्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं वडिलांनी बजावलं होतं."

"पण तुमच्या आणि त्यांच्या चर्चचं भांडण नेमकं कशावरून होतं?"

त्यांनी बर्गरपासून न्यू लिख्टपर्यंत सगळी नावं बोटांवर मोजली. "शब्द सगळे पाठ आहेत रे. कारण आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी टाय बांधून ते माझ्या दारात हजर. "गाडी काढ." मित्राच्या घरी बेल त्यांनीच दाबली. त्याने दार उघडलं, मला पाहून तोंड फिरवलं, पण म्हाताऱ्या माणसाला बाहेर कसं ठेवणार? चहा झाला आणि पाचव्या मिनिटाला आम्ही तिथीवरून पुन्हा कडाडून भांडायला लागलो. ओरडता ओरडता मित्राने चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

आजोबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ते आळीपाळीने आमच्याकडे बघत होते.

"माझा भाऊ असाच ओरडायचा," ते हळूच म्हणाले.